मदत हवी आहे: तापात पडल्या पडल्या मित्रमंडळींच्या प्रश्नांना उत्तरं देतेय, तीन प्रश्नांवर गाडी अडली आहे

सुंठसाखर

नमस्कार मंडळी. पुण्यात सध्या घरोघरी जे चालू आहे ते आमच्या कोथरूडच्या घरीही येऊन पोचलं. ताप, अंगदुखी, आणि घसा असा बसलाय की फोनवर 'हॅलो' म्हटलं तरी पलीकडचा माणूस राँग नंबर समजून ठेवून देतो. नवरा ऑफिसला, लेक कॉलेजला, सासूबाई दर तासाला गवती चहाचा काढा घेऊन हजर. टीव्ही लावला की डोकं ठणकतं. पुस्तक धरलं की हात भरून येतात.

म्हणून शाळेच्या ग्रुपवर टाकलं, 'आज घरी पडून आहे, बोलता येत नाही, काहीही विचारा, उत्तर देईन.' अट एकच, गूगल करायचं नाही आणि त्या नव्या यंत्रांनाही विचारायचं नाही. डोक्यात असेल ते सांगायचं. डोक्यात नसेल तर माणसांना विचारायला परवानगी आहे. हे पोटकलम मी मागाहून घातलं आणि त्याच्याच आधारावर हा धागा काढतेय.

गंमत अशी की लोक फार मनापासून विचारतात. नागपूरच्या मैत्रिणीने विचारलं, साबुदाण्याची खिचडी गोळा का होते? हे मला येतं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. पाणी जास्त झालं आणि गरम झालं की त्याची खळ होणारच. भिजवताना दाण्याच्या जेमतेम वर येईल एवढंच पाणी, मग तासन्‌तास झाकून ठेवायचं, आणि दाण्याचं कूट कढईत टाकायच्या आधीच साबुदाण्याला चोळून घ्यायचं, म्हणजे दाणे एकमेकांना धरत नाहीत. तिने लगेच 'आमच्याकडे कूट वरून घालतात' म्हणून वाद सुरू केला. घाला बापडे.

एकाने 'पुण्यातली नोकरी सोडून गावी जाऊ का' असं विचारलं. त्याचं जायचं ठरलेलंच होतं, त्याला फक्त कुणीतरी 'जा' म्हणायला हवं होतं. म्हटलं जा.

आता अडलेले तीन.

एक. बंगळुरूचा मित्र मुलाला घेऊन शनिवारवाडा बघून गेला. मुलाने विचारलं, तेव्हा पंप नव्हते तर हजारी कारंजं उडायचं कसं? कात्रजहून पाणी यायचं एवढंच मला माहीत. ते इतक्या लांबून आलं कसं आणि वर उडालं कसं?

दोन. पानशेतच्या पुरात खडकवासलाही फुटलं. म्हणजे पुण्याचा पाणीपुरवठाच गेला. मग नंतर गावाने पाणी प्यायलं कुठलं? पूर सगळे सांगतात, नंतरचे दिवस कुणीच सांगत नाही. विचारणाऱ्याचे आजोबा नारायण पेठेतले, पण आता सांगायला नाहीत.

तीन. मैत्रिणीची लेक दुसरीत आहे. तिचा प्रश्न: ताप आला की अंग गरम होतं, मग मावशीला थंडी का वाजतेय? शास्त्रीय उत्तर द्या, पण दुसरीतल्या मुलीला कळेल असं.

'फोन बघताना डोळे दुखत नाहीत का?' हा सासूबाईंचा प्रश्न मी यादीत धरलेला नाही.

कसब्यातला

आधी पहिल्या प्रश्नाचं बघतो, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि घरी आता कुणी ऐकून घेत नाही.

कात्रजची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, १७५० च्या सुमाराची. कात्रजला डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यावर दोन बांध घातले. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खालच्या तळ्यात यायचं. तिथून विटा-चुन्याचा बंदिस्त नळ थेट गावात. 'नळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाइप येतो, तसलं काही नाही. ठिकठिकाणी आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा तो मोठा होता. कात्रज उंचावर, गाव खाली, त्यामुळे सगळं काम उताराने. पंपाची गरजच नाही.

खरी करामत उच्छ्वासांची. नळाच्या वाटेवर अंतराअंतरावर बांधलेले चौकोनी मनोरे. बंद नळात हवा कोंडली की पाण्याचा प्रवाह अडतो, ती हवा या उच्छ्वासांतून बाहेर पडायची. सातारा रस्त्याच्या बाजूला पूर्वी ते सहज दिसायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती कुणाची तरी समाधी वाटायची.

कारंज्याचं सांगायचं तर पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू बघतं. वरून आलेलं पाणी खाली बारीक तोटीतून सोडलं की ते उसळणारच. फक्त ज्या पातळीवरून आलं तिच्यावर ते जाणार नाही, आणि वाटेत घर्षणात थोडी उंची गमावणार. मुलाला घरीच करून दाखवायला सांगा. गच्चीच्या कठड्यावर बादली, तिच्यातून लांब रबरी नळी खाली अंगणात, आणि नळीचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबायचं. मग पंप कुठाय असं तो विचारणार नाही.

हे पाणी एकट्या वाड्यासाठी नव्हतं. गावात हौद होते, लोक तिथे भरायचे. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावकडून वेगळा नळ आणला, तो सदाशिव पेठेच्या हौदाकडे.

आळशी_अनु

+१. अवांतर: फडके हौद चौकात मी जन्म काढला आणि हौद कुठाय हे कधी विचारलं नाही.

कसब्यातला

अनु, काळा हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद, पंचहौद, सगळीकडे तेच. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की बरोबर नेऊन सोडतो. हौद शोधायला मात्र दुकानांच्या मागे जावं लागतं.

मुठाकाठ

दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो. तेव्हा मी शाळकरी होतो, घर शुक्रवार पेठेत.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचं काम अजून पूर्ण व्हायचं होतं आणि त्यात पाणी साठलं होतं. लष्कराच्या जवानांनी आदल्या रात्री बांधावर वाळूची पोती रचली, त्यामुळे धरण सकाळपर्यंत तगलं आणि पाणी दिवसाउजेडी आलं. ते रात्री फुटतं तर काय झालं असतं हा विचार आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पानशेतचं पाणी खडकवासल्यावर आलं. ते १८७९ चं दगडी धरण, एवढा भार त्याला पेलला नाही. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं आहे. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले.

आता तुमचा प्रश्न. गावाला पाणी खडकवासल्याच्या कालव्यातून यायचं. तलावच राहिला नाही म्हटल्यावर तोट्या कोरड्या. तेव्हा कामाला आल्या त्या वाड्यांतल्या विहिरी आणि हेच हौद, ज्यांत कात्रजचं पाणी अजून येत होतं. नळ आल्यापासून आमच्या वाड्यातल्या आडाकडे कुणी बघत नव्हतं. त्यावरची फळी काढली, रहाट जागेवर होता पण दोर कुजलेला. शेजारच्या वाड्यातून दोर आणला. पहिल्या काही घागरींत पालापाचोळाच आला. मग आई जाड धोतर चौपदरी करून त्यातून पाणी गाळायची, तुरटी फिरवायची, उकळायची, तेव्हा कुठे आम्हाला पेला मिळायचा. त्या पाण्याला रॉकेलच्या स्टोव्हचा वास लागायचा. हौदावर कळश्यांची रांग, आणि रांगेत भांडणं कमी, चौकशा जास्त. 'तुमच्यातले सगळे आहेत ना?' हेच प्रत्येक जण विचारायचा. टँकर आले. टोचणीवाले आले, आम्ही पोरं त्यांना बघून माळ्यावर लपायचो.

ज्यांची घरं गेली त्यांतले पुष्कळ जण पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वस्त्यांत गेले. तुमच्या मित्राच्या आजोबांनी नारायण पेठ सोडली असेल तर त्याच सुमारास. घरात जुनं रेशनकार्ड असलं तर पत्ता बघायला सांगा.

सुंठसाखर

काका, हे जसंच्या तसं मित्राला पाठवलं. त्याचा लगेच मेसेज आला की आजोबांचं घर सहकारनगरला होतं आणि 'आधी आपण गावात होतो' यापलीकडे ते काही बोलायचे नाहीत. आता तो रेशनकार्ड शोधतोय. मनापासून आभार.

डॉ_कुलुपकिल्ली

तिसरा प्रश्न माझ्या खात्यातला.

मुलीला असं सांगा: आपल्या मेंदूत गीझरसारखं एक बटण असतं, शरीर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं. एरवी ते ३७ अंशांवर असतं. जंतू शिरले की शरीर ते बटण मुद्दाम ३९ वर नेतं, कारण बऱ्याच जंतूंना गरम शरीरात वाढायला अवघड जातं. आता बटण ३९ वर आणि मावशी अजून ३७ वर. म्हणून मेंदू म्हणतो, 'अगं, तू तर गार आहेस!' आणि अंग थरथरवून उष्णता तयार करतो. हातपाय गार पडतात, कारण कातडीकडचं रक्त आत ओढून घेतलेलं असतं. गोळी घेतली की बटण परत खाली येतं. मग अंग जास्त गरम ठरतं आणि घाम सुटतो.

मोठ्यांसाठी: बटण म्हणजे हायपोथॅलॅमस, ते वर नेणारं रसायन म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, आणि पॅरासिटामॉल त्याच्या निर्मितीला आडवं येतं. थंडी वाजत असताना गार पाण्याच्या पट्ट्यांनी फारसं साधत नाही. मेंदू आणखी जोर लावतो आणि पेशंट आणखी कुडकुडतो.

आता तुम्हाला, न विचारता. घसा बसणं, खोकला, नाक वाहणं हे साध्या व्हायरलकडे किंवा फ्लूकडे झुकतं. पण पावसाळ्यातलं पुणं आहे, डेंग्यू डोक्यातून काढायचा नाही. डोळ्यांच्या मागे दुखतंय का? अंगावर पुरळ? तापाला पॅरासिटामॉलच घ्या, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अंगदुखी जात नाही म्हणून आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नको. डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. काढा प्या, हरकत नाही, पण नारळपाणी, ताक, पेज, ओआरएस हेही पोटात जाऊ द्या.

आणि ताप उतरला म्हणजे संपलं असं डेंग्यूत नसतं. उलट ताप उतरताना जास्त लक्ष ठेवायचं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर धागा बंद आणि थेट दवाखाना.

आळशी_अनु

डॉक्टर, तो डास दिवसा चावतो ना? आमच्याकडे मच्छरदाणी फक्त रात्री.

डॉ_कुलुपकिल्ली

हो, मुख्यतः दिवसा. सकाळी आणि संध्याकाळी उन्हं उतरताना जास्त. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरचं रिकामं पिंप, आठवड्यातून एकदा सगळं ओतून घासून कोरडं करा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

कसब्यातला

म्हणजे हौद बुजले ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

मुठाकाठ

हौदांत मासे असायचे हो. बुजवायचं निमित्त डासांच्या माथी मारू नका.

सुंठसाखर

ट्रेचं वाचून लेकीला फ्रिजच्या मागे बघायला लावलं. 'ई' एवढंच ऐकू आलं, मग बादलीचा आवाज.

डॉक्टर, डोळ्यांच्या मागे दुखतंय, पुरळ नाही. ताप १०१ च्या आसपास रेंगाळतोय. दुसरीतल्या बाईंना तुमचं उत्तर पटलं. त्यांचा पुढचा प्रश्न असा की मग बटण बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं. तो मी उद्यावर ढकललाय. रक्त तपासून घ्यावं का?

डॉ_कुलुपकिल्ली

डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणताय तर थांबू नका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) बद्दल विचारा. एनएस१ चा उपयोग तापाच्या सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत जास्त, नंतर अँटिबॉडी बघावी लागते. प्लेटलेटचा एकच आकडा बघून घाबरू नका, तो कुठल्या दिशेने चाललाय ते बघायचं असतं.

सुंठसाखर

लॅबवाला संध्याकाळी घरी येतोय. सासूबाई विचारताहेत, उपाशी राहायचं का? त्यांनी मऊ भात आणि मेतकूट तयार ठेवलंय.

डॉ_कुलुपकिल्ली

या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही. जेवा.