ठिपके वाढले म्हणजे वणवे वाढले का?

उपग्रहाच्या नकाशावर आगीचे ठिपके कितीतरी वाढलेत, म्हणजे वणवेही तेवढेच वाढलेत, असा मुद्दा अनेकदा मांडला जातो. इथे जरा थांबायला हवं. 'टेरा' उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये सोडला गेला आणि 'ॲक्वा' २००२ मध्ये. दोन्हींवरचं मोडिस उपकरण साधारण १ किलोमीटरच्या चौकोनात आग टिपतं. २०११ पासूनचं व्हिअर्स हे नवं उपग्रही उपकरण मात्र ३७५ मीटरच्या चौकोनात पाहतं. त्यामुळे मोडिसच्या नजरेतून सुटणाऱ्या लहान आगी त्याला दिसतात, शिवाय एकाच मोठ्या आगीचे अनेक ठिपके उमटतात. या दोन नोंदी एकापुढे एक जोडून आलेख काढला, तर तो वर जाणारच. ती वाढ उपकरणाची आहे, आगीची नाही.

कल बघायचा तर एकाच उपकरणाची सलग मालिका घ्यावी, आणि ठिपके सोडून जळालेलं क्षेत्र मोजावं. जळालेलं क्षेत्र मोजलं की वेगळंच चित्र समोर येतं. १९९८ ते २०१५ दरम्यान जगभरातलं जळीत क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी घटलं! मुख्य कारण म्हणजे सवाना (तुरळक झाडांची गवताळ रानं) आणि गवताळ प्रदेशांत पसरलेली शेती. पण या एका आकड्यावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं. गवत पुढच्या पावसात परत येतं. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं, तिथल्या सूचिपर्णी जंगलाला सावरायला कित्येक दशकं लागतात. दोन्हींचं क्षेत्र एकाच बेरजेत टाकलं की जंगलाचं नुकसान दिसेनासं होतं. म्हणून गवताळ प्रदेश आणि जंगल यांचे आलेख वेगळे काढा, ही कळकळीची विनंती.