मदत हवी आहे : सज्ज्याच्या टोकाला टाकी ठेवल्यास तुळईतील शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट कसे बदलतात?

नमस्कार,

मी वडोदऱ्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराला पहिल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूने लाकडी सज्जा आहे आणि त्याच्या बाहेरच्या कडेला पाचशे लिटरची पाण्याची टाकी बसवण्याचा विचार घरात चालू आहे. काम पाहायला आलेल्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, सज्ज्याची तुळई खोलीतूनच सलग बाहेर आलेली असल्यामुळे टोकावर वजन ठेवले की तागडीप्रमाणे खोलीतला भाग वर उचलला जातो, मधला झोल कमी होतो आणि म्हणून टाकी तुळईच्या फायद्याचीच आहे. मी शिअर फोर्स (तुळईला कापू पाहणारे बल) आणि बेंडिंग मोमेंट (तिला वाकवू पाहणारा परिणाम) यांचे गणित करून पाहिले, तर त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग खरा निघतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. माझे शिक्षण इंग्रजीतून चालले आहे, परंतु निर्णय आजोबा आणि काका घेणार असल्यामुळे त्यांना वाचून दाखवता येईल असे उत्तर मराठीतून मिळाले, तर फार उपकार होतील.

तुळई सागवानी आहे, रुंदी १५० मिलीमीटर आणि खोली (उभी जाडी) २०० मिलीमीटर. ती आतल्या भिंतीवर (तिला 'अ' म्हणते) आणि रस्त्याकडच्या भिंतीवर (तिला 'ब' म्हणते) टेकलेली आहे. या दोन्हींमधील अंतर ४ मीटर आहे आणि 'ब'च्या पुढे ती १ मीटर बाहेर येते. अशा तुळया एकमेकींपासून सुमारे १ मीटरवर आहेत. कड्या, फळ्या आणि वरचा चुन्याचा कोबा मिळून प्रत्येक मीटरला २ किलोन्यूटन, आणि माणसे व सामान यांचा चल भार २ किलोन्यूटन, असा एकूण ४ किलोन्यूटन प्रतिमीटर भार मी सबंध ५ मीटर लांबीवर धरला आहे. टोकाला कठड्याचे ०.५ किलोन्यूटन आहेत. भरलेल्या टाकीतील पाण्याचे ५०० किलो म्हणजे साधारण ५ किलोन्यूटन. ते दोन तुळयांवर वाटले जाते, म्हणून एका तुळईच्या टोकावर २.५ किलोन्यूटन.

टाकी नसताना 'अ'ची प्रतिक्रिया (भिंत तुळईला वर रेटते ते बल) ७.३७५ आणि 'ब'ची १३.१२५ किलोन्यूटन येते. मधला सर्वांत मोठा सॅगिंग (खाली झोल देणारा) मोमेंट ६.८० किलोन्यूटन-मीटर आणि 'ब'वरचा हॉगिंग (वरच्या बाजूला फुगवणारा) मोमेंट २.५ किलोन्यूटन-मीटर. टाकी ठेवल्यावर 'अ'ची प्रतिक्रिया ६.७५ होते आणि 'ब'ची १६.२५. शिअर फोर्स 'अ'पाशी ६.७५ पासून उतरत १.६९ मीटरवर शून्य होतो, 'ब'च्या अलीकडे उणे ९.२५ होतो, 'ब' ओलांडताच अधिक ७ वर उडी घेतो आणि टोकाशी ३ उरतो, जो टोकावरच्या भाराइतकाच आहे. मधला मोमेंट ५.७० पर्यंत खाली येतो, पण 'ब'वरचा ५.० होतो, म्हणजे थेट दुप्पट. मोमेंट आपले चिन्ह 'अ'पासून ३.३७५ मीटरवर बदलतो.

माझ्या शंका अशा. पहिली म्हणजे, शिअर फोर्स शून्य असेल तेथे बेंडिंग मोमेंट सर्वाधिक असतो असे आम्हाला शिकवले आहे. मग 'ब'वर शिअर फोर्स शून्य नसताना तेथेही मोमेंटचे शिखर कसे येते? दुसरी अधिक महत्त्वाची आहे. मोमेंट ६.८० वरून ५.७० वर आला, म्हणजे तुळईतला सर्वांत मोठा मोमेंट खरोखरच घटला. तेव्हा तुळई अधिक सुरक्षित झाली असे म्हणता येईल का? आणि एक गोष्ट सांगायला हवी : 'ब'च्या भिंतीच्या बरोबर वर, तुळईच्या माथ्यावर, आडवी पट्टी बसवण्यासाठी ५० मिलीमीटर खोल खाच फार पूर्वीच पाडलेली आहे. तिचा हिशेब मी अजून धरलेला नाही.

प्रतिसाद १ (इंदूरहून)

नमस्कार. तुमचे आकडे मी ताडून पाहिले, ते बरोबर आहेत. मी पुलांच्या कामातून निवृत्त झालो आहे. तुम्ही सगळे भार, मापे आणि गृहीतके आधी मांडून मग प्रश्न विचारलात, याचे समाधान वाटले, कारण तसे नसते तर कोणालाही जबाबदारीने उत्तर देता आले नसते.

पहिल्या शंकेचे उत्तर शिअर फोर्सच्या आलेखातच आहे. कोणत्याही छेदावरचा शिअर फोर्स म्हणजे त्या ठिकाणी मोमेंटच्या आलेखाला असलेला उतार. उतार धन आहे तोवर मोमेंट चढतो, ऋण झाला की उतरतो. म्हणून शिखर किंवा दरी शोधायची ती शिअर फोर्सचे चिन्ह जेथे बदलते तेथे. मग ते बदलताना तो शून्यातून सावकाश गेलेला असो की आधाराच्या प्रतिक्रियेमुळे एका क्षणात उडी मारून गेलेला असो. 'ब'वर तो उणे ९.२५ वरून अधिक ७ वर जातो, म्हणजे मधले शून्य त्याने ओलांडलेच. फरक इतकाच की, १.६९ मीटरवर मोमेंटचा आलेख गोलाईने वळतो आणि 'ब'वर त्याला टोकदार कोपरा येतो. क्षेत्रफळांनी पडताळा घ्या. 'अ'पासून १.६९ मीटरपर्यंतच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ५.७०, तोच मधला मोमेंट. तेथून 'ब'पर्यंतचा त्रिकोण उणे १०.७०, दोन्हींची बेरीज उणे ५.०, तोच 'ब'वरचा. 'ब'पासून टोकापर्यंतच्या चौकोनाचे क्षेत्रफळ ७ आणि ३ यांची सरासरी गुणिले १ मीटर, म्हणजे अधिक ५. टोकावर मोमेंट शून्य झाला. आलेख असा मिटला की गणिताबद्दल निश्चिंत व्हावे.

आता दुसरी शंका. केवळ आकडा घटला म्हणून तुळई सुरक्षित झाली असे म्हणता येणार नाही. मोमेंट कोठे आहे, तो तुळईच्या कोणत्या बाजूला ताण (खेच) देतो आणि त्या जागी तुळईचा किती छेद शिल्लक आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. मधल्या भागात ताण खालच्या बाजूला आहे आणि छेद पूर्ण आहे. १५० बाय २०० चा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला छेदाचा विरोध दाखवणारे माप) १० लाख घन मिलीमीटर, म्हणून ५.७० किलोन्यूटन-मीटरला ५.७ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर इतका ताण येतो. 'ब'वर मात्र ताण वरच्या बाजूला येतो आणि तुमची खाच नेमकी तेथेच वरून पाडलेली आहे. खोली १५० मिलीमीटर उरली की सेक्शन मॉड्युलस ५,६२,५०० होतो. खोली एक चतुर्थांशाने कमी झाली, पण ताकद जवळजवळ ४४ टक्क्यांनी गेली, कारण खोलीचा वर्ग मोजला जातो. आज टाकी नसताना खाचेपाशी ४.४ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर ताण आहे. टाकी आली की तो ८.९ होईल. म्हणजे सबंध तुळईतला सर्वांत मोठा ताण, जो आज मधल्या भागात ६.८ आहे, तो तेथून उठून खाचेत जाऊन बसेल आणि वाढेलही. मिस्त्रींनी मधला झोल पाहिला, ते चूक नाही. परंतु त्याची किंमत 'ब'वर मोजावी लागते.

त्यातही ८.९ हा सरळ सूत्राने काढलेला आकडा आहे. खाचेच्या आतल्या काटकोनी कोपऱ्यात ताण याहून पुष्कळ एकवटतो आणि लाकूड तेथून तंतूंच्या दिशेने, म्हणजे आडवे, चिरत जाते. आडव्या चिरीचा संबंध शिअर फोर्सशीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वेमार्गावर लाकडी पूल बांधताना झुराव्स्की या रशियन अभियंत्याने हाच प्रश्न हाताळला आणि तुळईतल्या आडव्या शिअर ताणाचे जे सूत्र आज तुम्ही शिकता ते मांडले. लाकूड तंतूंना आडवे कापले जाणे अवघड, तंतूंच्या बाजूने सरकणे सोपे. म्हणून लाकडी तुळईत शिअरकडे दुर्लक्ष करू नये. तुमच्या तुळईत पूर्ण छेदावर हा शिअर ताण ०.४६ आणि खाचेच्या उरलेल्या छेदावर सुमारे ०.६२ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर येतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. क्षेत्रफळांचा पडताळा आजोबांनाही समजला, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. यावर काकांनी विचारले की, खाच सागाच्या तुकड्याने घट्ट भरून टाकली तर छेद पुन्हा पूर्ण होणार नाही का? आणि माझा स्वतःचा एक प्रश्न : मोमेंटचे चिन्ह जेथे बदलते ती ३.३७५ मीटरची जागा मी कायमची धरू शकते का? 'ब'पासून साधारण ९०० मिलीमीटर आत तुळईच्या माथ्यावर खिळ्यांची जुनी भोके आणि एक उथळ घाव आहे. माझ्या गणिताप्रमाणे तो भाग सॅगिंगमध्ये येतो, म्हणजे वरची बाजू दाबात राहते.

प्रतिसाद २ (इंदूरहून)

काकांचा प्रश्न रास्त आहे. भरलेला तुकडा दाब पेलतो, कारण दोन्ही बाजूंनी त्याच्यावर लाकूड रेटले जाते. पण ताण पेलत नाही, कारण ताणात सांधा उघडतो. खाच मधल्या भागात माथ्यावर असती, तर घट्ट बसवलेल्या पाचरीचा काही उपयोग झाला असता. 'ब'वर माथा ताणात आहे, त्यामुळे तेथे पाचर नुसती शोभेची ठरेल. बाजूंना लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवून ताण पलीकडे नेता येतो, मात्र ते काम जागेवर येऊन पाहणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने आखून द्यायला हवे.

तुमच्या प्रश्नात खरा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चल भार सगळीकडे एकाच वेळी असतोच असे नाही. खोलीत कोणी नाही, सामान नाही, पण सज्ज्यात मिरवणूक पाहायला माणसे दाटीने उभी आहेत आणि टाकी भरलेली आहे, अशी स्थिती धरा. मग 'अ' आणि 'ब' यांच्यामध्ये प्रतिमीटर फक्त २ किलोन्यूटन उरतात आणि पुढे ४. 'ब'वरचा मोमेंट ५.० च राहतो, कारण तो केवळ बाहेरच्या भारांवर अवलंबून आहे. पण 'अ'ची प्रतिक्रिया २.७५ पर्यंत घसरते आणि चिन्ह बदलण्याची जागा 'अ'पासून २.७५ मीटरवर येते. म्हणजे 'ब'पासून सव्वा मीटरपर्यंत तुळईचा माथा ताणात! तुमचा ९०० मिलीमीटरवरचा घाव या स्थितीत सरळ ताणाच्या पट्ट्यात सापडतो. उलट, टाकी रिकामी, सज्जा मोकळा आणि खोली भरलेली असेल, तर मधला मोमेंट ७.२७ होतो, जो तुमच्या टाकी नसतानाच्या आकड्याहूनही मोठा आहे. पाणी संपले की मिस्त्रींनी सांगितलेला फायदाही संपतो. म्हणून एकच आलेख काढून थांबू नये. प्रत्येक स्थितीचा आलेख एकाच कागदावर एकावर एक काढावा आणि सर्वांत बाहेरची रेषा जी येईल तिच्यासाठी तुळई तपासावी.

आणखी एक. आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोल्यांसाठी २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चल भार आहे, पण सज्ज्यासाठी ३ आहे. तो धरला तर 'ब'वरचा मोमेंट ५.५ होतो. लाकडाला किती ताण देता येतो हे जात, प्रत आणि ओलावा यांवर ठरते आणि त्यासाठी आयएस ८८३ हे लाकडी बांधकामाचे मानक पाहावे लागते. तथापि त्यातले आकडे प्रतवारी केलेल्या लाकडासाठी आहेत, खाच पाडलेल्या जुन्या तुळईसाठी नाहीत.

प्रतिसाद ३ (वडोदऱ्याहून)

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. वर दिलेल्या गणिताला एक व्यवहाराची बाजू जोडावीशी वाटते. टाकीचा भार चोवीस तास आणि वर्षानुवर्षे राहतो. लाकूड असा स्थिर भार पेलताना हळूहळू अधिकाधिक वाकत जाते, त्यामुळे आज दिसणारा झोल अंतिम समजू नये. दुसरे म्हणजे, टाकीची गळती आणि घामणारे नळ यांचे पाणी तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी मुरते, आणि तेथे लाकूड कुजले किंवा वाळवी लागली तर १५० बाय २०० हे माप कागदावरच राहते.

टाकी घरातच हवी असेल, तर ती टोकावर न ठेवता 'ब'च्या भिंतीच्या माथी आणता येईल का ते पाहा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन आडव्या धिऱ्या (आधाराची लाकडे) टाकून त्यांवर टाकी बसवली, तर तिचा बहुतेक भार थेट भिंतीत उतरतो.

धागाकर्ती

दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे गणित केले. 'ब'पासून ४०० मिलीमीटर आत आणि ४०० मिलीमीटर बाहेर अशा दोन धिऱ्या धरल्या आणि प्रत्येक धिरीतून एका तुळईवर १.२५ किलोन्यूटन दिले. 'अ'ची प्रतिक्रिया ७.३७५ च राहिली, म्हणजे टाकी नसताना होती तेवढीच. त्यामुळे मधला मोमेंटही ६.८० वर कायम राहिला. 'ब'वरचा हॉगिंग मोमेंट ५.० ऐवजी ३.० आला आणि खाचेपाशी ताण ८.९ ऐवजी ५.३. मात्र 'ब'च्या अलीकडचा शिअर फोर्स ९.२५ वरून ९.८७५ झाला. तो चालेल का, एवढेच आता विचारायचे आहे.

प्रतिसाद ४ (इंदूरहून)

उरलेल्या छेदावर शिअर ताण ०.६६ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर होतो. ही वाढ लहान आहे, पण खाचेच्या कोपऱ्यातून आडवी चीर आधीच निघालेली असेल, तर हा हिशेब लागू होणार नाही. म्हणून इंजिनिअरला बोलावण्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. खाचेभोवतीचा रंग खरवडून चीर आहे का ते उजेडात पाहा, आणि भिंतीत शिरणाऱ्या टोकापाशी तुळईत खालून व बाजूंनी टोचा घालून लाकूड कोठे मऊ लागते ते खडूने खुणावून ठेवा. चीर सापडली, तर तिची लांबी मोजून येथे लिहा. मग टाकीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी आजच्या भाराला ती तुळई पुरेशी आहे का, तेच तपासू.