वैमानिकांनी पाहिलेल्या उडत्या तबकड्या: पुरावा नेमका किती?

अर्धाकप:
रविवारी जेवताना दादाशी जाम वाजलं. त्याचं म्हणणं असं: २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अनोळखी उडत्या वस्तूंची बातमी छापली, एप्रिल २०२० मध्ये पेंटागॉनने अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी टिपलेले असल्या वस्तूंचे तीन व्हिडिओ अधिकृतपणे दिले, जुलै २०२३ मध्ये डेव्हिड फ्रेव्हर हा नौदलाचा निवृत्त कमांडर आपण पाहिलेल्या असल्याच वस्तूबद्दल अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर बोलला. शिवाय २०२१ चा सरकारी अहवालच सांगतो की असल्या १४४ घटनांपैकी फक्त एकीचा उलगडा झाला. "एवढी तयारीची माणसं काय खुळी आहेत?" यावर मी गप्प. आई म्हणाली, आमटी गार होतेय.

मला परग्रहवासी आहेत की नाहीत यात पडायचं नाही. पण त्या तिघांतल्या 'गोफास्ट' नावाच्या व्हिडिओत तो पांढरा ठिपका पाण्यावरून सुसाट पळताना मला स्वतःला दिसतोय. त्याला काय उत्तर द्यायचं?

खवट_कोल्हापुरी:
त्या एका उलगडलेल्या घटनेत काय निघालं ते दादानं सांगितलं का? हवा गेलेला मोठा फुगा. बाकी रडारकाका येतीलच, दम धर.

रडारकाका_वाई:
आलो. हळद शिजवायला चुलवाणावर होतो, म्हणून उशीर.

वायुसेनेत एकवीस वर्षं रडारच्या पडद्यासमोर काढली, तेव्हा दोन गोष्टी बोलू शकतो. आधी तुझा ठिपका. तू ठिपक्याकडे बघतोयस, कडेचे आकडे वाच. विमानाची उंची २५,००० फूट. कॅमेरा पकड घेतो तेव्हा तो २६ अंश खाली रोखलेला, अंतर ४.४ सागरी मैल, म्हणजे साधारण २६,७०० फूट. आता दहावीची त्रिकोणमिती काढ. साइन २६ म्हणजे ०.४४. गुणाकार केलास की ११,७०० फूट येतात. ठिपका विमानाच्या तेवढा खाली, म्हणजे समुद्रापासून तेरा हजार फूट वर. पाण्याला चिकटून कुठला पळतोय?

मग पळताना का दिसतो? एसटीच्या खिडकीतून बघ, बांधावरची बाभूळ मागच्या डोंगरावरून भरधाव सरकते. बाभूळ जागच्या जागी असते, पळत असते ती एसटी. इथे एसटीच्या जागी ताशी साडेतीनशे सागरी मैलांच्या वर चाललेलं लढाऊ विमान आहे. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये याच आकड्यांवरून ठिपक्याचा वेग काढला, तो ताशी ४० मैलांच्या आसपास आला. त्या उंचीवर वाराच तेवढा असू शकतो.

यात वैमानिक खुळा ठरत नाही बरं का. समोरच्या वस्तूचा आकार ठाऊक नसेल तर नुसत्या डोळ्याला तिचं अंतर कळत नाही, आणि अंतर चुकलं की वेग चुकलाच. त्यात वैमानिकाचा तरबेजपणा कामाला येत नाही.

अर्धाकप:
काका, हे दादाला पाठवलं. तो म्हणतो, डोळा फसेल, रडार कसं फसेल? त्या १४४ पैकी ८० घटना एकाहून जास्त यंत्रांवर दिसल्यात.

रडारकाका_वाई:
रडार कसं फसतं ते मला विचार!

पश्चिम किनाऱ्यावर होतो. एप्रिलअखेरची रात्र, उकाडा मरणाचा. समुद्राच्या बाजूला ६० किलोमीटरवर ठळक ठिपका उठला. त्या वेळी तिथे कुठलंच विमान अपेक्षित नव्हतं. मी नवखा, हात थरथरायला लागले, फोन उचलणार तेवढ्यात मागून आमचे सार्जंट शांतपणे म्हणाले, "आधी पीआरएफ बदल." पीआरएफ म्हणजे रडारने सेकंदाला रेडिओलहरींची किती स्पंदनं सोडायची तो आकडा. बदलला, तर ठिपका अँटेनाच्या एका फेरीत ६० वरून ९० वर! खरं विमान असतं तर आम्ही बटण फिरवलं म्हणून तीस किलोमीटर उडी मारली नसती.

झालं होतं असं. उन्हाळ्यात जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेवर पसरते, आणि मधे लहरींसाठी जणू बोगदा तयार होतो. स्पंदन त्यातून फार लांब जाऊन कशावर तरी आपटतं आणि परत येईस्तोवर पुढचं स्पंदन सुटलेलं असतं. रडार मोजणार नव्या स्पंदनापासून, म्हणून दूरची वस्तू जवळ दिसते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारवर याच मोसमात हजार मैलांपलीकडचा अरबस्तान उमटला होता. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका विमान नसतो, एवढं ध्यानात ठेव.

दुसरी गंमत चाळणीची. सगळं दाखवायचं ठरवलं तर पडदा पांढराफटक होतो, म्हणून फार सावकाश चालणाऱ्या वस्तू रडार गाळून टाकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनचा फुगा अमेरिकेने ४ तारखेला पाडला. त्यानंतर त्यांनी ही चाळणी सैल केली, आणि १० ते १२ तारखेत लागोपाठ तीन वस्तू पाडाव्या लागल्या. असल्या वस्तू आधीही येत असतील, बघत कोण होतं?

मृगशीर्ष:
आपल्याकडचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही? लडाख. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ मध्ये लष्कराने आकाशातल्या अनोळखी दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या, त्यांतल्या १५५ वेळा ते प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आत आल्याचं नोंदलं. संशय चिनी ड्रोनवर. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे खगोलज्ञ बोलावले. निघाले गुरू आणि शुक्र!

हसू नका. मी स्वतः त्या हिवाळ्यात गुरू बघितलाय. ३ डिसेंबरला प्रतियुती होती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर, वृषभेत रात्रभर झगझगत होता. शुक्र पहाटे पूर्वेला. पँगाँगच्या काठी चौदा हजार फुटांवर, विरळ हवेत तो डोंगरामागून वर येतो तेव्हा गस्तीवरच्या जवानाला दिवा वाटला तर त्याचं काय चुकलं? त्याने वेळ आणि दिशा चोख लिहून ठेवली होती, म्हणून तर ग्रह ओळखता आले.

अर्धाकप:
मग फ्रेव्हर? तोही शुक्रच का?

रडारकाका_वाई:
नाही. त्याला शुक्र, फुगा काही चिकटवून मी मोकळा होणार नाही. १४ नोव्हेंबर २००४, कॅलिफोर्नियाचा किनारा, भर दिवसा. निमिट्झ या विमानवाहू नौकेवरून उडालेली दोन विमानं, चार माणसं. खाली एका जागी समुद्र खवळलेला, त्यावर पांढरी, पंख नसलेली, औषधाच्या लांबट गोळीच्या आकाराची वस्तू. फ्रेव्हर जवळ जाऊ लागला तशी ती नाहीशी झाली. हे मी थापा म्हणून उडवून लावत नाही.

पण दादाला दोन गोष्टी विचार. गाजलेला व्हिडिओ त्या चौघांपैकी कुणाचा नाही, नंतर गेलेल्या दुसऱ्या विमानाने घेतलाय, हे त्याला ठाऊक आहे का? आणि प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारची मूळ नोंद कुठे आहे? नौकेवरच्या लोकांनी काय सांगितलं ते आपण ऐकतो, नोंद आपल्यासमोर नाही. ती असती तर मी रात्रभर जागून एकेक फेरी तपासली असती. त्या रात्री सार्जंटनी मला जे करायला लावलं ते मला इथे करताच येत नाही. म्हणून माझ्या वहीत ही घटना 'अनिर्णित'. 'परग्रहावरचं' असा रकाना त्या वहीत नाही.

खवट_कोल्हापुरी:
दादा काय म्हणाला ते कळव.

अर्धाकप:
त्रिकोणमिती तपासतोय. म्हणतो साइन नाही, कॉस घ्यायला हवा होता.

रडारकाका_वाई:
कॉसने आडवं अंतर येतं, उंची नाही. त्याला कागदावर त्रिकोण काढायला सांग. मी चाललो, कढई उतरायची वेळ झाली.