हेडलाइटच्या आत पाणी धरतंय: उघडून सील करू की नवीन घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

मी चिपळूणला राहतो. गाडी २०१६ ची हॅचबॅक आहे. पाऊस लागल्यापासून डाव्या हेडलाइटच्या काचेवर आतून वाफ धरते. थोडं धुकं धरून लाइट लावल्यावर विरत असेल तर चालतं, कारण युनिटला हवेसाठी छोटी भोकं असतात, हे मला माहीत आहे. पण इथे थेंब ओघळून खाली चक्क पाणी साचतंय. उजवा मात्र कोरडा ठणठणीत.

मागचं रबरी कव्हर काढून बघितलं, ते शाबूत आहे. बल्ब साधा एच४, ६०/५५ वॅटचा. कव्हर उघडं ठेवून हेअर ड्रायरने सगळं सुकवलं, सिलिका जेलच्या पुड्याही ठेवून पाहिल्या. दोन दिवस बरं, परत पाऊस झाला की जैसे थे. गेल्या वर्षी त्याच बाजूला बंपरला धक्का बसला होता, त्यामुळे काच आणि बॉडीच्या सांध्यातलं सील सुटलं असावं असा माझा अंदाज.

गॅरेजवाले म्हणतात, पूर्ण युनिटच बदला. गरम करून काच सोडवून नवीन ब्युटाइल सीलंट (सांधा बंद करणारा रबरासारखा चिकट पदार्थ) कोणी भरून घेतलंय का? पावसाळाभर टिकलं का? आतला रिफ्लेक्टर काळवंडायच्या आत काहीतरी करायचंय. आईला घेऊन कुंभार्ली घाटातून रात्री कराडला जावं लागतं, आणि धुक्यात एकाच दिव्यावर भरवसा ठेवायची खरंच भीती वाटते.

नवीनच घ्यायचा तर कंपनीचा घ्यावा की बाहेरचा चालेल? अनुभव असेल तर कृपया सांगा.