फ्लॉरेन्स, टूर कंपनीशिवाय: आपापले अनुभव लिहा

सकाळी पिसाचा मनोरा, दुपारी दोन तास फ्लॉरेन्स आणि रात्री जेवायला रोम, अशा बेताने हे शहर 'झालेले' पुष्कळ जण भेटतात. त्यांच्याशी भांडण नाही, पण हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी व्हिसाचे कागद स्वतः जमवले, तिकिटं स्वतः काढली, राहायची जागा स्वतः शोधली, त्यांनी सविस्तर लिहावं. तीच ती 'पाहण्यासारखी ठिकाणं' नकोत, ती कुठेही मिळतात.

सुरुवात मीच करते. माझं मत ठाम आहे: घरून निघण्याआधी तीनच गोष्टी पक्क्या करा, ड्युओमोचा (म्हणजे मुख्य कॅथेड्रलचा) घुमट, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आणि उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय. बाकी सगळं तिथे गेल्यावर पायांना विचारून ठरवा. सोमवारी उफ्फिझी बंद, डेव्हिड जिथे आहे ती अकादेमियाही बंद. त्यामुळे सोमवार आला की तो घुमटाला द्यायचा.

कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, रांग तेवढी असते. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. घुमटावर चढायला मात्र ब्रुनेलेस्की पास लागतो (हा घुमट बांधणाऱ्याचंच नाव). तो तीन दिवस चालतो आणि त्यात जोत्तोचा मनोरा (कॅथेड्रलचं घंटाघर), बाप्तिस्मागृह आणि संग्रहालयही येतं, पण घुमटाची वेळ खरेदी करतानाच ठरते. मग रात्रीचं विमान असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ कशाला घ्यायची? पायऱ्या 463, लिफ्ट नाही. वाटेत आतल्या सज्जावर येतो तेव्हा 'अंतिम न्याया'चं चित्र अगदी हाताशी असतं. खालून नाजूक वाटणारे चेहरे इथून चांगलेच राक्षसी दिसतात! त्यानंतरची वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते. एक भिंत अंगावर झुकलेली आणि तिच्यात विटांची ती तिरकी वीण. खालून लाकडी आधार न देता 1436 साली हे पुरं केलं, ते कसं जमलं असेल याचा थोडा अंदाज तिथे विटांना हात लावून येतो. बंद जागेची भीती असेल तर मात्र हा बेत सोडा. समोरच्या मनोऱ्याला 414 पायऱ्या आहेत, पण तो बराच मोकळा आहे, आणि घुमटाचा फोटो तिथूनच चांगला येतो.

नाशिककर

व्हिसाबद्दल लिहितो. हा शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. 'अमक्या देशाचा लवकर मिळतो' असं ऐकून भलतीकडे अर्ज करू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मे महिन्यात जायचं असेल तर थांबू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र हे सगळ्यांना माहीत असतं, पण घोळ होतो तो तारखांचा. विमान, हॉटेल, विमा आणि तुमचं पत्र या चारही ठिकाणी तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मी एका कागदावर रोजची रात्र कुठे हे लिहून काढलं आणि प्रत्येक बुकिंग त्यावर टिकमार्क करत गेलो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्यावीत. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांकडून पाच लाख खात्यात आणून ठेवण्याचा उपाय कुणी सुचवला तर हात जोडा.

डोंबिवलीची सून

आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. दोघंही सत्तरीच्या पुढचे. राहायची जागा सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ घेतली. सगळे म्हणतात की जुन्या गावात, नदीकाठी राहा. राहा खुशाल, पण दगडी फरशीवर बॅगांची चाकं कशी खडखडतात ते आधी ऐका. जागा घेताना लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासून सुरू होते की अर्ध्या जिन्यानंतर, हे लिहून विचारा. जुन्या इमारतींत दोन्ही प्रकार असतात. माणशी, रात्रीगणिक शहराचा कर वेगळा द्यावा लागतो. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेकदा धरलेला नसतो, त्यामुळे निघताना चेहरा पडतो.

उफ्फिझीत लिफ्ट आहे. सासूबाईंना चित्रांपेक्षा वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसणारी आर्नो नदी आणि तिच्यावरचा जुना पूल, पोंते वेक्यो, जास्त आवडला, आणि तिथे बाकावर बसून त्यांनी निवांत थेपले खाल्ले असते, पण गॅलरीत खायला मनाई आहे. अठराखालच्या मुलांना तिकीट माफ असतं, पण त्यांचाही स्लॉट बुक करावा लागतो.

कोल्हापूरकर

फ्लॉरेन्सला जाऊन काशिने बागेत न जाणं कोल्हापूरच्या माणसाला शोभत नाही. आमचे दुसरे राजाराम महाराज 1870 साली इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला याच शहरात वारले. वय अवघं वीस. ओन्यिसान्ती चौकातल्या हॉटेलात उतरले होते. इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. त्या वर्षी देशाची राजधानी फ्लॉरेन्सच होती. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर अग्नी दिला. आपल्याकडेही संगमच निवडला असता.

तिथे 1874 साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आमचा नवा राजवाडा ज्यांनी योजला तेच. आतला अर्धपुतळा रंगवलेला आहे, फेटा आणि दागिन्यांसकट. पांढऱ्या संगमरवराच्या या शहरात तो वेगळाच उठून दिसतो. गावातले लोक त्याला 'इंडियानो' म्हणतात आणि शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. त्या नावामागचा राजा कोण, हे मी विचारलेल्यांपैकी कुणालाही सांगता आलं नाही.

जायचं कसं: स्टेशनवरून टी1 ट्राम, काशिने थांबा, मग नदी डाव्या हाताला ठेवून बागेच्या पश्चिम टोकापर्यंत. चालायला बरंच आहे, भाड्याची सायकल उत्तम. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, तोही वाटेत होईल.

पुणे-२९

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. जुन्या शहरात 'झेडटीएल' नावाचा भाग आहे, परवानगीशिवाय गाडी आत गेली की कॅमेरा नंबर टिपतो. कुणी अडवत नाही, शिट्टी मारत नाही. माझ्या मेहुण्याला परत आल्यावर काही महिन्यांनी आधी भाड्याच्या कंपनीचं शुल्क आणि मग दंडाचं पत्र आलं. तोस्कानाच्या (फ्लॉरेन्सच्या भोवतालच्या प्रांताच्या) खेड्यांत फिरायला गाडी हवीच असेल तर फ्लॉरेन्स संपवून, विमानतळावरून घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघतानाच काढून न्या.

शुद्ध शाकाहारी (कांदा-लसूण चालतो)

उपाशी राहणार नाही. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेला गरगट्टा, थंडीत फार बरा. रिबोल्लिता (पाव, भाज्या आणि कडधान्याचं दाट सूप) मागवताना मांसाचं पाणी आहे का हे विचारून घ्या. तिथला पाव अळणी असतो, मीठ विसरलेलं नसतं. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं, कडक नियम असेल तर मारिनारा पिझ्झा मागवा, त्यावर चीजच नसतं. गाडीवर 'लाम्प्रेदोत्तो' दिसलं तर पुढे चला, ते गाईचं पोट आहे. बिलात 'कोपेर्तो' लावतात ते टेबलाचे पैसे, फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त.

बोलोन्यात शिकणारी

बोलोन्याहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स साधारण पाऊण तास, रोमहून दीड. साइटवर 'फिरेंझे एस. एम. नोव्हेल्ला' असंच शोधा, शहरात आणखी स्टेशनं आहेत. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त. पिसासारख्या जवळच्या गावांना प्रादेशिक गाडी, तिचं भाडं ठरलेलं, आधी काढायची घाई नाही. पण कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठोकून घ्यायचं, नाहीतर दंड.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका.

आणि संप. बातम्यांत 'शोपेरो' शब्द दिसला की घाबरून बेत मोडू नका, तारीख आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. विमान पकडायचं असेल तर सकाळच्या त्या गाडीने निघा आणि विमानतळावर बसून राहा.