मदत हवी आहे : स्क्रीन रीडरच्या साहाय्याने इंटरनेटचा वेग कसा मोजावा?

नमस्कार. मी परभणीत राहतो आणि संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) वापरतो. वेग कमी मिळत असल्याची तक्रार करायची, तर सेवा देणारी कंपनी डाउनलोड व अपलोडचे आकडे मागते. फास्ट डॉट कॉम हे वेग मोजणारे संकेतस्थळ उघडताच चाचणी आपोआप सुरू होते, ही मोठीच सोय आहे; परंतु आकडा सतत बदलत असल्याने तो नेमका केव्हा स्थिरावला, हे नुसते ऐकून कळत नाही, आणि अपलोडचा वेग पाहण्यासाठी अधिक माहितीचे बटण वेगळे शोधून दाबावे लागते. ऊकला या स्पीडटेस्ट चालवणाऱ्या कंपनीचे कमांड लाइनवरील (आज्ञा टाइप करून चालवायचे) साधन निकाल निव्वळ मजकुरात देते, त्यामुळे ते मला अधिक भरवशाचे वाटते. एनव्हीडीएसह ते कोणी वापरत असल्यास, अंतिम ओळी एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) या एककासह कशा वाचाव्यात, हे कृपया सविस्तर सांगावे.