हाँगकाँगमध्ये स्वस्तातली बेकरी सुचवा (एग टार्ट, बन, आणि सोबत सासूबाई)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात हाँगकाँगला चाललोय. मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. मुक्काम चिम शा चुईला. डिस्नेलँड, पीक, मोठा बुद्ध यांवर इथे धाग्यांचा पाऊस आहे, ते सगळे वाचून काढले. माझा प्रश्न खादाडीचा.

मुलाने कुठल्याशा व्हिडिओत तिथली एग टार्ट पाहिली आणि तेव्हापासून घरात तेवढा एकच विषय आहे. मलाही ते बन खायचेत, वरून तडकलेले, सोनेरी. पण फोटो काढायला बांधल्यासारखी दिसणारी कॅफे नकोत. जिथे कामावर जाता जाता लोक पिशवी उचलतात तसली साधी, स्वस्त बेकरी हवी.

अटी अशा: सासूबाई अंडं खातात, पण गुरुवारी नाही. डुक्कर कोणत्याही वारी नाही. आणि आम्ही पोचतोय नेमके गुरुवारी. जाणकारांनी मदत करावी.

पोटोबा
वाचनखूण साठवली. सासूबाईंना शुभेच्छा.

हार्बरकाठ
बरीच वर्षं इथे हुंग हॉमला राहतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे एग टार्ट (इथे म्हणतात दान ताट) दोन जातीचं. एकाचं कवच नानकटाईसारखं भुगभुशीत, दुसऱ्याचं खारीसारखं पापुद्र्यांचं. आत दोन्हीकडे अंडं, साखरेचं पाणी आणि आटवलेलं दूध, गाळून घेतलेलं. चांगल्या टार्टचा वरचा भाग गुळगुळीत, चकचकीत पिवळा असतो, एकही डाग नाही. मधे फुगून सुरकुतला असेल तर भट्टी जास्त तापली होती असं समजा. बोटाने डबी हलवली की मधला भाग थरथरायला हवा.

भुगभुशीत जातीचं नाव म्हणजे ताय चेओंग, सेंट्रलला लिंडहर्स्ट टेरेसवर. १९५४ पासूनची बेकरी. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांना तिथली टार्ट फार आवडायची, त्यावरच दुकान जगभर पोचलं. २००५ मध्ये भाडं वाढलं म्हणून बंद झालं तेव्हा लोकांनी निरोपाच्या रांगा लावल्या होत्या. काही महिन्यांत त्याच रस्त्यावर परत उघडलं. आता शाखा बऱ्याच झाल्यात. चिम शा चुईहून स्टार फेरीने पलीकडे जा, मग डोंगरावर चढणारे सरकते जिने पकडा, ते लिंडहर्स्ट टेरेसच्या अगदी जवळून जातात. मुलाला फेरी आणि जिने टार्टपेक्षा जास्त आवडतील असा माझा अंदाज.

पापुद्र्यांचं हवं असेल तर वान चायचं होनोलुलू किंवा कौलून सिटीतलं हूवर केक शॉप. हूवरमध्ये अभिनेता चाउ युन-फॅट येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कौलून सिटीला आता सुंग वाँग तोय हे मेट्रो स्टेशन झालंय, २०२१ पासून, त्यामुळे जाणं सोपं आहे.

पण तुम्ही विचारलंत ते यातलं काहीच नाही, खरं ना? तुम्ही विचारताय गल्लीतली बेकरी. ती नावाने शोधायची नसते. शाम शुई पोला जा. तुमच्या चिम शा चुईहून लाल मेट्रो थेट जाते, बदलायची गरज नाही. पेइ हो स्ट्रीटचा भाजीबाजार आहे, त्याच्या आसपास हिंडा. काचेच्या कपाटात स्टीलचे ट्रे, वर प्लास्टिकच्या पाट्यांवर हाताने लिहिलेले भाव, आणि गल्ल्यावर अजिबात न हसणारी बाई दिसली की थांबा. टार्ट साधारण ८-१० डॉलर, बन त्याहून थोडे स्वस्त. (एक हाँगकाँग डॉलर म्हणजे ढोबळ अकरा रुपये धरा.) नावाजलेल्या ठिकाणी याच्या दीडपट घेतात.

आणि वेळ बघून जा. सकाळी न्याहारीच्या आधी एक घाणा निघतो, पण खरी मजा दुपारी तीन-सव्वातीनची. बांधकामावरच्या कामगारांची चहाची सुट्टी तेव्हा असते. 'तीन वाजून तीन' म्हणजे सव्वातीन, असंच म्हणतात इथे चहाच्या वेळेला. घड्याळाचा मिनिटकाटा तीनच्या आकड्यावर, म्हणून. त्या सुमाराला ताजे ट्रे येतात. साडेअकराला जाऊन गार टार्ट खायची आणि मग 'एवढं काही खास नाही' म्हणायचं, हे आपले पाहुणे नेहमी करतात.

अतिशहाणा
एवढ्या लांब जाऊन गल्लीतली बेकरी कशाला शोधायची? आता सगळे बेकहाऊसच्या आंबवलेल्या पिठाच्या टार्टसाठी जातात. जाळीदार, वरून करपवलेलं. चिम शा चुईत शाखा आहे. मी तरी त्यालाच पहिला नंबर देईन.

हार्बरकाठ
@अतिशहाणा, टार्ट चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांनी 'स्वस्त' आणि 'फोटोवाली कॅफे नकोत' म्हटलंय. या दोन्ही अटींत ते बसत नाही. आणि वरून करपवलेलं म्हणजे पोर्तुगीज वळणाचं, हाँगकाँगचं नव्हे.

ठाणेकरीण
@हार्बरकाठ, शंभर धन्यवाद! प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. बनांबद्दलही सांगा ना. आणि ते डुकराचं प्रकरण?

हार्बरकाठ
हो, ते मुद्दाम वेगळं ठेवलं होतं.

बोलो बाऊ, म्हणजे अननस बन. यात अननस औषधालाही नसतो. वर साखर, अंडं, मैदा आणि चरबीचा थर असतो, तो भाजताना तडकतो आणि अननसाच्या सालीसारखा दिसतो. बस. चहाच्या हॉटेलात (छा छान तेंग) बसून खाल तर 'बोलो याऊ' मागा. गरम बन मधोमध चिरून आत लोण्याची गार, बोटभर जाड चकती घालून देतात. लोणी वितळायच्या आत खायचा. प्रिन्स एडवर्डला ब्यूट स्ट्रीटवर काम वाह नावाचं जुनं ठिकाण आहे, त्याचा बोलो याऊ नावाजलेला. शाम शुई पोच्या अलीकडचंच स्टेशन.

काय मेय बाऊ, म्हणजे कॉकटेल बन. यात दारू नाही, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. आत ओलसर गोड खोबरं. बेकरीवाल्यांनी उरलेले बन चुरून, साखर-खोबरं घालून पुन्हा वापरायची शक्कल काढली, त्यातून हा जन्मला असं सांगतात. आपल्या माणसांना हाच सगळ्यात आवडतो, मी पैज लावायला तयार आहे.

आता काय टाळायचं. छा सिऊ बाऊ म्हणजे भाजलेल्या डुकराच्या मांसाचा बन. बाहेरून गोल, चकचकीत, अगदी निरागस दिसतो. लांबट बनातून लालसर टोक डोकावत असेल तर सॉसेज. हॅम-अंड्याचेही असतात. वर मऊ, तपकिरी कापसासारखं काही भुरभुरवलेलं दिसलं तर तो सुकवलेल्या मांसाचा कीस, तोही बहुधा डुकराचाच.

दिसत नाही ती चरबी. पापुद्र्यांच्या कवचात पूर्वापार डुकराची चरबी घालतात, अननस बनाच्या थरातही घालायचे. भुगभुशीत कवचात लोणी जास्त चालतं. हल्ली पुष्कळ जण वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरतात, पण दुकानागणिक फरक. म्हणून विचारायचं. फोनवर चिनी अक्षरांत 'यात डुकराची चरबी आहे का' एवढं वाक्य लिहून ठेवा आणि दाखवा. उत्तर मानेनेच मिळेल, तेवढं पुरे.

सात्त्विक
इतकी शंका असताना खायचंच कशाला म्हणते मी. चिम शा चुईतल्याच चुंगकिंग मॅन्शन इमारतीत भारतीय जेवण मिळतं, शाकाहारीसुद्धा.

पोटोबा
ताई, त्या टार्ट खायला चालल्यात, तुम्ही फोडणीचं वरण सुचवताय.

गोंयकार
मंडळी, कोणीच मकाव म्हणेना? हाँगकाँगहून बोटीने तासाभरावर. तिथल्या कोलोआन गावात लॉर्ड स्टोज बेकरी, १९८९ ची. अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रज माणसाने काढली, मूळचा औषधवाला. पोर्तुगालचं पास्तेल द नाता डोळ्यांसमोर ठेवून त्याने आपल्या पद्धतीचं टार्ट केलं आणि आज सगळा पूर्व आशिया त्यालाच 'पोर्तुगीज टार्ट' म्हणतो. त्याच्यापासून वेगळी झालेली बायको मार्गारेट, तिने मकाव शहरात स्वतःचं कॅफे चालवलं आणि १९९९ मध्ये कृती केएफसीला विकली. चीनमधल्या केएफसीत कोंबडीशेजारी टार्ट दिसतं ते त्यामुळे.

आमच्याकडे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते, तरी गोव्यात नाता मिळायला लागलं ते अलीकडे, चार-दोन कॅफेंत. बेबिंक, दोदोल घरोघर राहिलं. मकावला मात्र एका इंग्रजाने ते रुजवलं. गंमतच आहे.

अतिशहाणा
+१. मकावचं टार्ट हाँगकाँगच्या टार्टला कधीही भारी.

हार्बरकाठ
ही दोन वेगळी खाणी आहेत. मकावचं दाट, साय असलेलं, प्रचंड आचेवर भाजून वर काळे डाग पाडलेलं. हाँगकाँगचं हलकं, कमी गोड, मंद आचेचं. कँटनमध्ये १९२० च्या दशकात इंग्रजी कस्टर्ड टार्टवरून घेतलं गेलं असं मानतात, आणि मग इथल्या चहाच्या हॉटेलांत ते चहाबरोबरचं खाणं झालं. भारी-हलकं काय ठरवायचं! हाँगकाँग सरकारने २०१४ मध्ये अमूर्त वारशाची पहिली यादी केली, तिच्यात एग टार्ट आणि अननस बन करण्याची कला दोन्ही आहेत. एवढी इज्जत असलेली वस्तू शंभर रुपयांच्या आसपास मिळते, हे माझ्या मते जास्त भारी.

ठाणेकरीणताई, मकावला वेळ असेल तरच जा. सासूबाईंना घेऊन बोट, रांगा आणि पुन्हा कोलोआनपर्यंत बस, एका टार्टसाठी जास्त होईल.

ठाणेकरीण
मकाव रद्द. बोट लागते त्यांना.
गुरुवारचं काय करू? बनावर अंडं लावतात ना?

हार्बरकाठ
हो, ती चकाकी अंड्याचीच. आणि पिठातही बहुतेक वेळा असतंच. गुरुवारी बेकरीचा नाद सोडा. शाम शुई पोलाच पेइ हो स्ट्रीटवर कुंग वो नावाचं सोयाबीनचं जुनं दुकान आहे, त्यांचं गरम टोफूचं पुडिंग घ्या. दाउ फू फा म्हणतात. मऊ लुसलुशीत, वर साखरेचा पाक, अंडं नाही, दूधही नाही. फक्त तिथे तळलेले टोफूचे तुकडे दिसतील त्यांना हात लावू नका, आत माशाचं सारण असतं.

पहिलटकर
मी पण जानेवारीत जातोय. कार्ड चालतं का बेकरीत?

हार्बरकाठ
छोट्या बेकरीत रोख लागते असं धरूनच चला. सुटे ठेवा, पाचशेची नोट पुढे केलीत तर ती न हसणारी बाई अजूनच हसणार नाही. मोठ्या साखळी बेकऱ्यांत मेट्रोचं ऑक्टोपस कार्ड चालतं. तिथे दाराशी ट्रे आणि चिमटा असतो, स्वतः उचलायचं आणि गल्ल्यावर न्यायचं. जुन्या दुकानात मात्र काचेवर बोट ठेवून सांगायचं. प्रत्येक बन वेगळ्या पिशवीत घालून देतात, त्यामुळे कुठला गोड, कुठला मांसाचा हे मिसळत नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर निघण्याआधी हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदणी करायला विसरू नका. विमानतळावर ती होत नाही.

ठाणेकरीण
शेवटचं विचारते, वैतागू नका. छा छान तेंगमध्ये बसलो तर काही रीत असते का? आणि टार्ट हॉटेलवर नेऊन रात्री खाल्ली तर?

हार्बरकाठ
रीत एवढीच की टेबल तुमचं नसतं. चौघांना एकत्र जागा मिळाली तर नशीब, नाहीतर अनोळखी माणूस शेजारी येऊन बसेल आणि पेपर उघडेल. वेटर घाईत असतात, ओरडल्यासारखं बोलतात, राग नसतो त्यांना. प्रत्येकाने काहीतरी मागवायचं, चौघांत एक बन चालत नाही. सासूबाईंना दुधाचा चहा द्या, कडक असतो, कापडी गाळण्यातून गाळलेला आणि आटवलेल्या दुधाचा. साखर आपली आपण घालायची. तुम्ही यिन यांग घेऊन बघा, चहा आणि कॉफी एकाच पेल्यात. मला आवडतं, बायकोला पहिल्या घोटातच नकोसं झालं होतं.

मेट्रोत मात्र काही खायचं नाही, दंड आहे. मुलाला आधीच बजावून ठेवा, पिशवीतून वास येत राहतो.

रात्रीसाठी बन न्या, टार्ट नको. टार्ट तासाभरात मऊ पडतं आणि मायक्रोवेव्हमध्ये तर कवचाचा चिखल होतो. बन राहतात. आणि सात-आठनंतर पुष्कळ बेकऱ्या उरलेले बन दोन-तीन मिळून एका पिशवीत घालून कमी भावात काढतात, काउंटरच्या टोकाला ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशीची न्याहारी तिथेच होते. फक्त त्या पिशवीत सॉसेजचा बन घुसलाय का ते उलटसुलट करून बघा.

पोटोबा
ठाणेकरीणताई, परत आलात की फोटो टाका. सासूबाईंचा अभिप्राय वेगळा लिहा.